‘नव्वद टक्के नष्ट’ म्हणजे किती प्रकाशात?

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पाण्यातील रंग, कीटकनाशके, औषधांचे अंश यांसारखी प्रदूषके प्रकाशाच्या साहाय्याने मोडून टाकणाऱ्या नव्या उत्प्रेरकांविषयीच्या बातम्या अलीकडे वारंवार वाचायला मिळतात. बातमी कुठलीही असो, तिचा गाभा ठरलेला असतो. अमुक पदार्थाची भुकटी पाण्यात टाकली, दिवा लावला आणि अमुक मिनिटांत नव्वद, पंचाण्णव किंवा नव्व्याण्णव टक्के प्रदूषक नाहीसे झाले. या टक्केवारीवरून उत्प्रेरक किती कार्यक्षम आहे हे कळत नाही आणि दोन उत्प्रेरकांची तुलना तर मुळीच करता येत नाही. तरीही मथळ्यात नेमका तोच आकडा झळकतो. हे असे का, ते सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र नेहमीच्या मानाने लांबले आहे. थोडी आकडेमोड मांडल्याशिवाय मुद्दा पटण्यासारखा नाही, म्हणून ते गोड मानून घ्यावे.

या उत्प्रेरकांचे काम कसे चालते ते आधी थोडक्यात सांगतो. टायटॅनियम डायऑक्साइड हा त्यांतला सर्वाधिक अभ्यासलेला अर्धवाहक (सेमीकंडक्टर). त्याच्या अ‍ॅनाटेज या स्फटिकरूपाने ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट किंवा त्याहून अधिक ऊर्जेचा, म्हणजे सुमारे ३८७ नॅनोमीटरपर्यंतच्या तरंगलांबीचा, फोटॉन (प्रकाशाचा कण) शोषला की एक इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्टात जातो आणि खाली धनप्रभारित पोकळी उरते. पोकळी पृष्ठभागावरच्या पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक हे अतिशय क्रियाशील रेणुखंड तयार करते किंवा चिकटलेल्या रेणूवर थेट घाला घालते. इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनकडे जातो. आणि या साखळीत सेंद्रिय रेणू तुटत जातो. प्रत्यक्षात मात्र बहुसंख्य इलेक्ट्रॉन आणि पोकळ्या काही उपयोगाचे काम होण्याआधीच एकमेकांना भेटतात आणि फोटॉनची ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. उत्प्रेरकाचा कस लागतो तो इथे. शोषलेल्या फोटॉनांपैकी किती कामी आले, हा त्याच्या कार्यक्षमतेचा खरा प्रश्न आहे, आणि बातमीतील टक्केवारीला या प्रश्नाचा स्पर्शही झालेला नसतो.

विषय नवा नाही. फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ साली टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन करून दाखविले. १९७६ मध्ये कॅनडातील केरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल या चिवट प्रदूषकांवर, तर १९७७ मध्ये फ्रँक आणि बार्ड यांनी पाण्यातील सायनाइडवर हाच पदार्थ वापरून पाहिला. म्हणजे जल-शुद्धीकरणाच्या अंगाने या क्षेत्राला जवळजवळ अर्धशतक झाले. इतक्या काळात हजारो उत्प्रेरकांचे अहवाल निघाले, पण ते एकमेकांशेजारी ठेवून ‘यातला उजवा कोणता’ असे विचारले, तर बहुतेक वेळा उत्तर देता येत नाही. त्याचे कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे.

एक उदाहरण घेतो. मिथिलीन ब्ल्यू हा निळा रंग वापरून काचेवरच्या उत्प्रेरक-थराची चाचणी कशी करावी, याचे आयएसओ १०६७८ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१० साली निघाले. त्यात रंगाची संहती (द्रावणातले प्रमाण) लिटरला १० मायक्रोमोल (मोल हे रेणूंच्या किंवा फोटॉनांच्या संख्येचे एकक) आणि अतिनील प्रकाशाची तीव्रता चौरस मीटरला १० वॅट ठरवून दिलेली आहे व प्रयोग तीन तास चालतो. या अटी तशाच ठेवून समजा, आपल्या नमुन्याचे क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर आहे, वर ३५ मिलिलिटर द्रावण आहे आणि तीन तासांत नव्वद टक्के रंग गेला. बातमी होईल ती ‘नव्वद टक्के’ अशी. आता फोटॉन मोजू. नमुन्यावर १० मिलिवॅट प्रकाश पडत होता, म्हणजे तीन तासांत १०८ ज्यूल ऊर्जा पडली. ३६५ नॅनोमीटरच्या एक मोल फोटॉनांची ऊर्जा सुमारे ३२८ किलोज्यूल असते, तेव्हा पडलेले फोटॉन झाले सुमारे ३३० मायक्रोमोल. द्रावणात रंग होता सगळा मिळून ०.३५ मायक्रोमोल आणि त्यातला गेला ०.३१५. याचा अर्थ, हजार फोटॉन पडले तेव्हा रंगाचा जेमतेम एक रेणू बदलला. फोटॉनांच्या हिशेबात ही कार्यक्षमता ०.१ टक्का होते.

पण हिशेब इथेही संपत नाही. मिथिलीन ब्ल्यूचा एक रेणू कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि साध्या आम्लांपर्यंत पूर्णपणे मोडायचा तर त्याला साडेपंचवीस ऑक्सिजन रेणू लागतात, म्हणजे १०२ इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण व्हावी लागते. गेलेला सगळा रंग खरोखरच त्या टोकापर्यंत गेला असेल, तर कामी आलेल्या इलेक्ट्रॉनांचा हिशेब करता कार्यक्षमता दहा टक्क्यांच्या आसपास निघते. एकच प्रयोग, एकच काच, एकच दिवा; आणि आकडे तीन: नव्वद टक्के, ०.१ टक्का आणि दहा टक्के. तिन्ही अंकगणित म्हणून बरोबर आहेत, तरी कोणता आकडा कशाचा हे न सांगता त्यांतला सर्वांत मोठा उचलणे मला पटत नाही. गाडीने ठरलेल्या रस्त्यापैकी नव्वद टक्के रस्ता कापला एवढेच सांगून तिचे अ‍ॅव्हरेज सांगितले असे कुणी म्हणत नाही. इथे मात्र आपण रोज तसेच म्हणतो.

नाहीशा झालेल्या भागाची टक्केवारी ही मुळात प्रयोगाच्या मांडणीची टक्केवारी असते. तोच उत्प्रेरक आणि तोच दिवा ठेवून पाणी निम्मे घेतले, सुरुवातीची संहती कमी केली, दिवा जवळ आणला किंवा अर्धा तास थांबून पाहिले, की आकडा वाढतो. उत्प्रेरकात मात्र काडीचाही फरक पडलेला नसतो. शिवाय ही टक्केवारी वरच्या टोकाला फसवी होते. पहिल्या क्रमाच्या अभिक्रियेत (जिचा वेग उरलेल्या संहतीच्या प्रमाणात असतो) नव्वद टक्के आणि नव्व्याण्णव टक्के यांत दिसायला नऊचा फरक असला, तरी तेवढ्याच वेळात नव्व्याण्णव गाठणाऱ्या उत्प्रेरकाचा वेग दुप्पट असतो. वेग-स्थिरांक, म्हणजे वेग आणि संहती यांचे गुणोत्तर, दिला तर हा दोष जातो, म्हणून बरेच संशोधक तो देतात आणि ते चांगलेच आहे. पण मिनिटाला इतका असा लिहिलेला तो स्थिरांक केवळ नावाचाच स्थिर असतो. प्रकाशाची तीव्रता, भुकटीची मात्रा, भांड्याचा आकार, विरघळलेला ऑक्सिजन आणि प्रदूषकाची सुरुवातीची संहती यांपैकी काहीही बदलले की तोही बदलतो.

यांपैकी तीव्रतेचा मुद्दा थोडा विस्ताराने सांगण्याजोगा आहे. प्रकाश मंद असताना अभिक्रियेचा वेग तीव्रतेच्या प्रमाणात वाढतो. पुढे एका टप्प्यानंतर तो तीव्रतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढू लागतो, कारण इलेक्ट्रॉन आणि पोकळ्या दाटीने तयार झाल्या की त्या एकमेकांना अधिक सहज सापडतात. या टप्प्यात प्रकाश चौपट केला तर वेग फक्त दुप्पट होतो, म्हणजे फोटॉनमागची कार्यक्षमता निम्म्यावर येते. त्याहूनही तीव्र प्रकाशात वेग वाढायचाच थांबतो, कारण रेणू पृष्ठभागापर्यंत पोहोचण्याचा वेळ आडवा येतो. प्रखर झेनॉन दिव्याखाली जो उत्प्रेरक ‘वीस मिनिटांत’ काम करतो, तोच फोटॉनांची सर्वाधिक उधळपट्टी करीत असण्याची शक्यता असते. मंद प्रकाशात चार तास घेणारा दुसरा एखादा उत्प्रेरक त्याच्यापेक्षा कितीतरी काटकसरी असू शकतो, पण बातमी होते ती वीस मिनिटांची.

मग फोटॉन नीट का मोजत नाहीत, असा प्रश्न वाचकाला पडेल. पडणारे फोटॉन मोजणे अवघड नाही. त्यासाठी फेरिऑक्झलेटच्या द्रावणाची पद्धत हॅचर्ड आणि पार्कर यांनी १९५६ साली पक्की करून दिली आहे; ३६५ नॅनोमीटरच्या आसपास शंभर फोटॉन शोषले गेले की त्या द्रावणात लोहाचे सुमारे १२० आयन फेरस रूपात येतात, फिनँथ्रोलिन या रसायनाबरोबर त्यांचा नारिंगी-तांबडा रंग येतो आणि त्या रंगावरून भांड्यात नेमके किती फोटॉन शिरले ते कळते. अतिनील दिव्यांसाठी अंशांकित तीव्रतामापीही मिळतात. अवघड आहे ते शोषलेले फोटॉन मोजणे. पाण्यात ढवळलेली भुकटी प्रकाश शोषते तसा विखुरतेही; काही प्रकाश मागे उलटतो, काही बाजूंनी निसटतो, काही आरपार जातो. आतून पांढऱ्या पोकळ गोलात नमुना ठेवून किंवा गणिती प्रतिमान मांडून हा हिशेब करता येतो, पण त्याला वेळ आणि कौशल्य लागते. म्हणूनच आययूपीएसी या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने प्रकाश-उत्प्रेरणाची परिभाषा २०११ साली प्रसिद्ध करताना शोषलेल्या फोटॉनांवर आधारित क्वांटम यील्ड आणि पडलेल्या फोटॉनांवर आधारित फोटॉनिक कार्यक्षमता ही दोन मापे वेगळी ठेवली आहेत. पहिले जमत नसेल तर दुसरे द्या, पण कोणते दिले ते सांगा, एवढीच साधी अपेक्षा त्यामागे आहे. त्याआधी १९९९ मध्ये सर्पोन आणि सालिनारो यांनी त्याहून सोपी वाट सुचविली होती. आपला उत्प्रेरक आणि पी-२५ ही सर्वत्र मिळणारी टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी, दोन्ही आळीपाळीने एकाच भांड्यात, एकाच दिव्याखाली, फिनॉलसारख्या एकाच प्रदूषकावर वापरून पाहायच्या आणि गुणोत्तर द्यायचे. ही पद्धत निर्दोष नाही, पण हाती काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बरी आहे, आणि तिला एका जादा प्रयोगापलीकडे खर्च नाही.

आता प्रदूषक म्हणून जो पदार्थ निवडला जातो त्याविषयी. निळा रंग फिका पडताना डोळ्यांना दिसतो, छायाचित्रात छान दिसतो आणि साध्या वर्णपटमापीवर ६६४ नॅनोमीटरला मोजता येतो, म्हणून मिथिलीन ब्ल्यूवर सगळ्यांचा भर. पण त्या तरंगलांबीवरचे शोषण घटण्याची कारणे अनेक आहेत. रंगाचे रेणू भुकटीला नुसते चिकटले तरी द्रावण फिके होते. मिथिलीन ब्ल्यू धनप्रभारित असल्याने आणि सुमारे साडेसहाच्या वरच्या सामूला (पीएचला) टायटॅनियम डायऑक्साइडचा पृष्ठभाग ऋणप्रभारित होत असल्याने हे अधिशोषण बरेच मोठे असू शकते. अंधारात अर्धा तास ढवळून मगच दिवा लावण्याची प्रथा यासाठीच आहे. मात्र सच्छिद्र भुकटीला अर्धा तास पुरेलच असे नाही. रेणूवरचे मिथाइल गट एकेक करून निघाले तर शोषणाचे शिखर आखूड तरंगलांबीकडे सरकते. रेणूचा सांगाडा तसाच असतो, पण ६६४ ला वाचन घेणाऱ्याला रंग घटल्यासारखा दिसतो. ऱ्होडामाइन-बी या दुसऱ्या लोकप्रिय रंगाचेही इथाइल गट असेच निघतात आणि त्याचे शिखर ५५४ वरून ४९८ नॅनोमीटरकडे जाते. आणि ऑक्सिजन कमी असेल तर मिथिलीन ब्ल्यू इलेक्ट्रॉन घेऊन चक्क रंगहीन रूपात जातो, जो हवा लागताच पुन्हा निळा होतो. हे अखेरचे प्रकरण केवळ पुस्तकी नाही. १० मायक्रोमोल संहतीचा रंग पूर्ण मोडायला लिटरमागे २५५ मायक्रोमोल ऑक्सिजन लागतो आणि २५ अंश सेल्सियसला हवेशी संतृप्त पाण्यात तो जवळजवळ तेवढाच, लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅम, असतो. बऱ्याच प्रयोगांत वापरतात त्या लिटरला १० मिलिग्रॅम संहतीला तर त्याच्या तिपटीहून अधिक ऑक्सिजन हवा. भांडे बंद आहे, हवा सोडलेली नाही आणि तरीही ‘शंभर टक्के विघटन’ झाले असे कुणी सांगितले, तर मी आधी झाकण उघडून थोडा वेळ ढवळायला सांगेन.

दृश्य प्रकाशावर चालणाऱ्या उत्प्रेरकांच्या बाबतीत रंगाची चाचणी आणखी घोटाळा करते. जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेत अतिनील भाग चार-पाच टक्क्यांचाच, म्हणून दृश्य प्रकाश शोषणारे पदार्थ शोधण्याची धडपड रास्तच आहे. पण रंग म्हणजे मुळात दृश्य प्रकाश शोषणारा पदार्थ. प्रकाश रंगानेच शोषला, त्याने इलेक्ट्रॉन अर्धवाहकाला दिला आणि त्या भरात रंगाचा रेणूच मोडला, असे सहज घडते. यात अर्धवाहकाने स्वतः फोटॉन शोषलेलाच नसतो आणि रंगहीन कीटकनाशकावर तो काहीही करणार नाही. मिथिलीन ब्ल्यूची चाचणी दृश्य प्रकाशाच्या उत्प्रेरकांना लावणे योग्य नाही, हे ओहतानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्येच दाखवून दिले आहे. उपाय दोन आहेत. एक, फिनॉल, चार-क्लोरोफिनॉल किंवा फॉर्मिक आम्ल असा रंगहीन पदार्थ घ्यायचा. दुसरा, वेगवेगळ्या तरंगलांबींच्या अरुंद पट्ट्यांत प्रयोग करून प्रत्येक ठिकाणची फोटॉनिक कार्यक्षमता काढायची आणि तिचा आलेख उत्प्रेरकाच्या शोषणाच्या आलेखाशी जुळतो का ते पाहायचे. तो उत्प्रेरकाशी न जुळता रंगाच्या शोषणाशी जुळला, तर दाव्याचा निकाल तिथेच लागतो. ‘४२० नॅनोमीटरखालचा प्रकाश गाळला होता’ एवढे विधान या तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

रंग गेला, मूळ रेणूही गेला, तरी पाण्यात काय उरले हा प्रश्न राहतोच. फिनॉल मोडताना वाटेत कॅटेकॉल, हायड्रोक्विनोन आणि बेंझोक्विनोन तयार होतात, मग वलय फुटून मॅलेइक, ऑक्झॅलिक अशी आम्ले होतात आणि सर्वांत शेवटी कार्बन डायऑक्साइड. यांतले बेंझोक्विनोन जलचरांना फिनॉलपेक्षाही अधिक घातक असते. म्हणून एकूण सेंद्रिय कार्बन मोजण्याचा आग्रह धरला जातो आणि मीही तो धरतो. मात्र त्यालाही एक मर्यादा आहे. अ‍ॅट्राझीन हे तणनाशक टायटॅनियम डायऑक्साइडवर मोडत मोडत सायन्यूरिक आम्लापर्यंत येते आणि तिथेच थांबते, कारण त्या वलयाला हायड्रॉक्सिल मूलकही फोडू शकत नाहीत. तेव्हा कार्बन पूर्ण जाणार नाही हे आधीच ठरलेले असते. पण सायन्यूरिक आम्ल फारसे विषारी नसल्याने शुद्धीकरणाचा हेतू बऱ्याच अंशी साध्य झालेला असतो. तात्पर्य, मूळ रेणू, कार्बन आणि विषारीपणा या तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात व एकीचा आकडा दुसरीच्या जागी वापरता येत नाही.

आतापर्यंतचे सगळे ऊर्ध्वपातित पाण्याविषयी झाले. खऱ्या पाण्यात बायकार्बोनेट, क्लोराइड आणि कुजलेल्या वनस्पतींतून आलेली सेंद्रिय द्रव्ये असतात. ती हायड्रॉक्सिल मूलक गिळतात, पृष्ठभागावर जागा अडवितात, काही तर प्रकाशही अडवितात. आणि खऱ्या पाण्यात औषधांचे किंवा कीटकनाशकांचे प्रमाण लिटरला मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी असते, प्रयोगशाळेत मात्र ते मिलिग्रॅममध्ये घेतले जाते. इतक्या विरळ द्रावणात बहुतेक मूलक प्रदूषकापर्यंत पोहोचतच नाहीत, त्यामुळे प्रयोगशाळेत काढलेली फोटॉनिक कार्यक्षमता तिथे लागू पडत नाही.

व्यवहारात उपयोगी पडणारे माप वेगळे आहे आणि तेही तयार आहे. बोल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आययूपीएसीसाठी २००१ साली ते मांडले: एक घनमीटर पाण्यातील प्रदूषक एक-दशांशावर आणायला किती युनिट वीज लागते. सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या योजनांसाठी त्यांनीच विजेऐवजी प्रकाश गोळा करणाऱ्या पृष्ठाचे क्षेत्रफळ हे माप दिले. वरच्याच उदाहरणाला हे लावून पाहू. नव्वद टक्के गेले, म्हणजे संहती बरोबर एक-दशांश झाली. नमुन्यावर पडलेला प्रकाशच मोजला, तर हजार लिटरमागे ०.८६ युनिट ऊर्जा लागली. हे ऐकायला उत्तम आहे. पण तो दिवा समजा ८ वॅटचा होता, तर तीन तासांत त्याने ३५ मिलिलिटर पाण्यासाठी २४ वॅट-तास वीज घेतली आणि हजार लिटरमागे हा खर्च सुमारे ६८५ युनिट झाला. मधली तफावत उत्प्रेरकाची नाही. बहुतेक प्रकाश नमुन्याच्या बाहेर गेला आणि विजेचा बराच भाग उष्णतेत गेला, त्याची आहे. छोट्या उपकरणावरून मोठ्या यंत्रणेचा अंदाज बांधू नये हे त्यातून दिसतेच, पण दिव्याचे अंतर, भांड्याची घडण आणि आरसे यांच्याकडे उत्प्रेरकाइतकेच लक्ष द्यायला हवे हेही दिसते. ‘वॉटर रिसर्च’ या नियतकालिकात २०१८ साली आलेल्या एका विस्तृत आढाव्यात वेगवेगळ्या पद्धतींचे हे माप एकत्र केलेले आहे. ओझोन किंवा अतिनील प्रकाशासह हायड्रोजन पेरॉक्साइड या पद्धतींचा मध्यक (मधले मूल्य) घनमीटरला एक युनिटच्या आत आहे, तर अतिनील दिव्यांवर चालणाऱ्या प्रकाश-उत्प्रेरणाचा शंभर युनिटच्या वर. दोहोंत शंभरपटीहून अधिक अंतर असताना एका भुकटीने पंच्याण्णवऐवजी सत्त्याण्णव टक्के रंग काढला यात बातमी काय आहे, हे मला कळत नाही.

याचा अर्थ हे संशोधन टाकाऊ आहे असा कुणी घेऊ नये. सूर्यप्रकाश फुकट आहे, पाण्यात वेगळे रसायन मिसळावे लागत नाही, काचेवर किंवा जाळीवर थर दिला तर भुकटी गाळून काढण्याची कटकट उरत नाही, आणि जिथे वीज किंवा रसायनांचा पुरवठा बेभरवशाचा आहे तिथे संथ चालणारी पद्धतही मोलाची ठरू शकते. टक्केवारीलाही तिची जागा आहे: एकाच प्रयोगशाळेत, एकाच मांडणीत पन्नास नमुन्यांतून पाच निवडायचे असतील तर तीच सोयीची. त्या निवडलेल्या पाचांची पुढची परीक्षा मात्र फोटॉन आणि कार्बन मोजूनच व्हायला हवी. टिकाऊपणाही त्यात आला. कॅडमियम सल्फाइडसारखा पदार्थ प्रकाशात स्वतःच झिजतो आणि पाण्यात विषारी कॅडमियम सोडतो, तेव्हा तो रंग किती झपाट्याने काढतो हे विचारण्यातही अर्थ उरत नाही.

आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती अशी आहे. यापुढे अशा संशोधनाची बातमी देताना टक्केवारीच्या शेजारी आणखी चार ओळी छापाव्यात: पाणी किती होते आणि त्यात प्रदूषक किती होते; नमुन्यावर कोणत्या तरंगलांबीचा आणि किती तीव्र प्रकाश पडत होता; दिव्याशिवाय आणि उत्प्रेरकाशिवाय केलेल्या प्रयोगांत किती घट झाली; आणि नाहीसा झालेला होता तो केवळ रंग, की मूळ रेणू, की सेंद्रिय कार्बन. संशोधकांना दूरध्वनीवर विचारून मिळण्यासारखी ही माहिती आहे, आणि ज्यांनी प्रयोग नीट केला असेल त्यांच्या वहीत ती असतेच. त्यांनी पी-२५ शी तुलना केली असेल तर तो आकडा मथळ्यात घ्यायला माझी हरकत नाही. यांपैकी काहीच उपलब्ध नसेल, तर ‘पाणी शुद्ध करणारा’ हे विशेषण काढून ‘प्रयोगशाळेत रंग फिका करणारा पदार्थ’ एवढेच लिहावे.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
रसायनशास्त्राचा एक माजी अध्यापक